सोळा आणे

चादर पायाला लागू नये म्हणून लेकीनं युक्ती केली आहे. सलाईनच्या बाटल्यांचं रिकामं खोकं दोन्ही बाजूंनी कापून आईच्या डाव्या पायावर उभं केलं आहे आणि चादर त्याच्यावरून सोडली आहे. डोक्यावरचा पंखाही बंद. मे महिन्यातली दुपार आहे, वॉर्डातल्या बाकी खाटांवरचे पंखे गरगरताहेत आणि इथं लेक आईच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपते आहे. वाऱ्याची झुळूकसुद्धा तो पाय सोसत नाही.

डॉक्टरबाई स्टूल ओढून खाटेशी बसतात. पुण्याच्या वेशीवरच्या या पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं हलकं करणाऱ्या, वॉर्डात उभ्या उभ्या चौकशी करायची नाही, असा रिवाज आहे.

"ताई, आत्ता किती आणे दुखतंय?"

"सोळा." मग डोळे न उघडताच, "रुपया तर कवाच मोडून झाला, बाई. आता वर किती मोजू?"

फाइलमध्ये शून्य ते दहाची पट्टी छापलेली आहे. पण करमाळा तालुक्यातल्या पन्नाशीच्या बाईला दहातले सात म्हणजे काय ते लवकर कळत नाही. बारा आणे म्हटलं की लगेच कळतं. आणे चलनातून जाऊन जमाना झाला, दुखणं मोजायला मात्र अजून उपयोगी पडतात. सिस्टर सोळा आण्यांचे दहा करून फाइलमध्ये लिहितात.

"कसं दुखतं?"

"आधी मुंग्या. मग मिरची चोळल्यागत आग आग. आन् मधनंच करंट बसतो. कमरेपासनं पार अंगठ्यापतोर."

हे तीन शब्द, मुंग्या, आग आणि करंट, डॉक्टरबाईंना पुरेसे असतात. हे नसांचं दुखणं आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, दोन वर्षांपूर्वी त्यासाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेऊन झालं; तो आता परत ओटीपोटाच्या मागच्या बाजूला वाढलाय आणि पायाकडे जाणाऱ्या नसांच्या जुडग्यावर बसलाय. जखमेचं, हाडाचं दुखणं मॉर्फिनला बऱ्यापैकी ऐकतं. नसांचं दुखणं अर्धंमुर्धं ऐकतं, कधी तेवढंही नाही. म्हणून मॉर्फिनच्या जोडीला प्रेगाबालिन आहे, नॉरट्रिप्टिलिन आहे, सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन आहे. कागदावर जे जे असायला हवं ते सगळं आहे, आणि बाईंना सलग तासभरसुद्धा झोप नाही.

बोलता बोलता बाईंचा उजवा हात एकदम उडतो. कुणीतरी मनगटाला झटका दिल्यासारखा. मिनिटभरानं पुन्हा. डॉक्टरबाई सोबतच्या ज्युनिअर डॉक्टरला नजरेनंच ते दाखवतात.

बाहेर पडल्यावर तो म्हणतो, "मॅडम, मॉर्फिन अजून वाढवूया? साठ मिलिग्रॅम आहे दर चार तासांनी."

"तीनदा वाढवलं. दर वेळी काय झालं?"

तो फाइल चाळतो. "एक दिवस थोडं बरं. मग परत."

"आणि दुखणं कुठवर आलंय? आता उजवी मांडीही दुखते म्हणतात. तिथं स्कॅनमध्ये काही नाही. हात उडायला लागलेत. आपण औषध वाढवतोय आणि दुखणं पसरतंय. आता याच वाटेनं पुढं जायचं नाही."

मॉर्फिन फार वाढलं की काही रुग्णांत ते उलटतं, शरीर दुखण्याला जास्तच हळवं होतं, हे मी वाचलेलं आहे. पण त्या उडणाऱ्या हाताकडं बघताना ते वाचणं किती फिकं होतं ते कळतं. रुग्ण मॉर्फिन मागतोय आणि मॉर्फिनच थोडंसं दुखवतंय, अशा जागी डॉक्टरनं काय करायचं?

डॉक्टरबाई केटामाइन देऊन बघायचं ठरवतात. मणक्यात औषध सोडण्याचा पर्याय त्यांच्या मनात होता, पण गाठ जिथं बसली आहे आणि रक्ताचे आकडे जसे आले आहेत, त्यात भूलतज्ज्ञ सुई घालायला तयार नाहीत.

व्हरांड्यातल्या बाकड्यावर घरची माणसं बसली आहेत. नवरा, चाकणला कारखान्यात असलेला मुलगा, आणि आत्ताच आतून बाहेर आलेली थोरली लेक. डॉक्टरबाई त्यांच्याशेजारी बसून सांगतात: हे मुळात भुलेचं औषध. ऑपरेशनला वापरतात. आपण अगदी थोडं, हळूहळू, कातडीखालून देणार.

"भूल?" नवरा टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो. "म्हंजी... झोपवायचंच का तिला आता?"

या प्रश्नाला इथं वळसा घालत नाहीत. "नाही मामा. त्यांना संपवायचं नाही आणि बेशुद्धही करायचं नाही. ऑपरेशनला जेवढं औषध मिनिटभरात शिरेत सोडतात, जवळजवळ तेवढंच आपण सुरुवातीला एका दिवस-रात्रीत देणार. त्या बोलतील, जेवतील. दुखणं कमी व्हावं एवढ्यासाठीच."

मुलाचा हात मघापासून मोबाईलवर चालतोय. "मॅडम, हे केटामाइन नशेचं असतं ना? पार्टीत घेतात ते? बातमी होती."

"तेच. कारखान्यात बनतं तेच, बाटलीही तीच. कुठं, किती आणि कशासाठी, यात फरक."

"मग आईला सवय लागंल?"

"पाच दिवसांत नाही. जास्त दिवस मात्र मीसुद्धा देणार नाही. त्यानं लघवीच्या पिशवीला इजा होते, आणि शेक घेतल्यामुळं यांची पिशवी आधीच नाजूक आहे."

लेक एवढा वेळ गप्प होती. तिचा प्रश्न सगळ्यांत कामाचा आहे. "हे दिल्यावर तिला काय काय हुईल? आम्ही काय बघायचं?"

डॉक्टरबाई तिच्याकडं वळून बसतात. डोळे तरंगल्यासारखे होतील. आपण हवेत आहोत, भिंत लांब गेली, असं वाटेल. कुणी दिसेल, जे खोलीत नाही. तोंडाला लाळ सुटेल. नाडी आणि बीपी चढेल, ते सिस्टर बघतील. आई घाबरली तर हात धरायचा, वाद घालायचा नाही, आणि लगेच बेल दाबायची. शेवटी त्या म्हणतात, "आणि उपयोग होईलच असं नाही. न झाला तर मी बंद करीन. हे आत्ताच सांगून ठेवते."

हे शेवटचं वाक्य मला त्या सगळ्या बोलण्यात महत्त्वाचं वाटतं. डॉक्टरांच्या तोंडून 'उपयोग होईलच असं नाही' हे ऐकायची आपल्याला सवय नाही, आणि ते ऐकून घरची माणसं खचत नाहीत हे इथं समोर दिसतंय. नवरा टोपी परत डोक्यावर ठेवतो. "द्या मग," म्हणतो.

औषधाचं कपाट सिस्टरांच्या टेबलामागं आहे. दोन किल्ल्या, दोन माणसं. मॉर्फिनचं रजिस्टर वेगळं, केटामाइनचं वेगळं. 2011 साली हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आणि 2013च्या अखेरीस औषधविक्रीच्या नियमांतल्या शेड्यूल एक्समध्ये गेलं. तेव्हापासून दुकानातून घ्यायचं तर चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि दुकानदाराला तिची एक प्रत दोन वर्षं जपून ठेवावी लागते. ही जाचक वाटणारी काळजी समजण्यासारखी आहे. पण याच काळजीपोटी 1985च्या त्याच अमली पदार्थांच्या कायद्यानं या देशात मॉर्फिन इतकं दुर्मीळ करून टाकलं की ते वापरायचं कसं हेच डॉक्टरांच्या पिढ्या विसरल्या. 2014 साली कायदा दुरुस्त झाला, हात मात्र अजून बिचकतात. 2015 साली चीननं केटामाइनवर साऱ्या जगात कडक बंधनं आणायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं त्याला नकार दिला. गरीब देशांतल्या कितीतरी ऑपरेशनांना ही एकच भूल परवडते, हे त्यामागचं साधं कारण.

मोठ्या सिस्टर बाटली उजेडाकडं धरून तारीख वाचतात. दहा मिलिलिटरची छोटी बाटली, एका मिलिलिटरमध्ये पन्नास मिलिग्रॅम. "आम्ही ग्रामीण रुग्णालयात होतो ना, तेव्हा हाड बसवायचं असलं की हेच," त्या सांगतात. "भूलतज्ज्ञ कुठला आलाय. श्वास चालू राहतो, बीपी पडत नाही. पोरं उठताना काहीबाही बडबडायची तेवढंच."

युद्धभूमीवरही याच गुणामुळं हे पोचलं. अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस कंपनीसाठी कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञानं 1962 साली ते तयार केलं, 1964 साली मिशिगनमधल्या कैद्यांवर त्याची पहिली चाचणी झाली. कैद्यांना निवड कितपत होती हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. 1970 साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि लगोलग ते व्हिएतनाममधल्या जखमी सैनिकांपर्यंत गेलं. कर्करोगाच्या दुखण्यासाठी थोड्या मात्रेत त्याचा वापर करणं ही नंतरची गोष्ट.

सिस्टर दोन मिलिलिटर ओढून घेतात, म्हणजे शंभर मिलिग्रॅम. त्यात सेहेचाळीस मिलिलिटर सलाईन. एकूण अठ्ठेचाळीस, पंपावर ताशी दोन, की बरोबर चोवीस तास. ज्युनिअर डॉक्टर हे गणित मोठ्यानं म्हणतो, दुसऱ्या सिस्टर ते पडताळतात, दोघी रजिस्टरवर सह्या करतात. बाटलीत उरलेलं औषध किती, ते कुणासमोर टाकलं, हेही लिहायचं असतं. बाईंच्या दंडावर बारीक बटरफ्लाय सुई टोचली जाते. त्या टोचण्याची त्यांना जाणीवही नाही.

मॉर्फिन त्याच वेळी साठवरून चाळीसवर येतं. मुलाला हे उलटं वाटतं: एवढं दुखतंय आणि औषध कमी? डॉक्टरबाई त्याला समजावतात. दुखण्याचा निरोप पाठीच्या कण्यातून सारखा जात राहिला की तिथल्या पेशींवरचं एक दार उघडंच राहतं. दाराच्या बेलचं बटण अडकून बसावं आणि बाहेर कुणी नसताना बेल वाजत राहावी तसं. केटामाइन ते बटण सोडवतं. ते सुटलं की मॉर्फिन पुन्हा लागू पडायला लागतं, आणि मग आधीचाच डोस जड होऊन माणूस ग्लानीत जातो. म्हणून आधीच उतरायचं. रात्रीच्या भासांसाठी हॅलोपेरिडॉलचा छोटा डोस लिहून ठेवला जातो.

आता वाट बघायची. पहिला तासभर सिस्टर हलत नाहीत. नाडी, बीपी, श्वास, 'ताई, मी कोण?'

या मधल्या वेळात डॉक्टरबाई ज्युनिअरला अभ्यास सांगतात, आणि त्या अभ्यासातलं सत्य मोठं अडचणीचं आहे. ऑस्ट्रेलियात कर्करोगाच्या 185 रुग्णांवर नीट चाचणी झाली, 2012 साली ती छापून आली. निम्म्यांना पाच दिवस केटामाइन, निम्म्यांना नुसतं सलाईन, कुणाला काय ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. केटामाइनवाल्यांत 31 टक्क्यांना आराम पडला. सलाईनवाल्यांत 27 टक्क्यांना. त्रास मात्र केटामाइनवाल्यांना कितीतरी जास्त. 2018 साली ब्रिटनमधल्या 214 रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना तोंडानं दिलं, तिथंही फरक दिसला नाही.

"मग आपण का देतोय?" तो विचारतो. मीही हेच विचारणार होतो.

"सरसकट देत नाही म्हणून. मॉर्फिन उलटलंय, नसांचं दुखणं आहे, बाकी सगळं करून झालंय, अशा एखाद्यालाच. त्यातही कुणाला लागू पडेल ते आधी कळत नाही. ते कळायचं एकच साधन, इथं बसून बघणं. आणि पाच दिवसांत फरक नसेल तर आपल्याला वाटतं म्हणून चालू ठेवायचं नाही."

लागू न पडल्याचं उदाहरण त्याच वॉर्डात, खिडकीशेजारच्या खाटेवर आहे. एसटीतले निवृत्त कंडक्टर. गेल्या आठवड्यात त्यांनाही हेच दिलं होतं. दुखणं दोन आण्यांनीही उतरलं नाही, पण पहाटे चारला त्यांना अख्खा वॉर्ड प्रवाशांनी भरलेला दिसू लागला. तिकिटाची पेटी सापडेना, आणि प्रवासी विनातिकीट चाललेत म्हणून ते रडकुंडीला आले. मावशींनी प्रत्येक खाटेशी जाऊन पैसे गोळा केल्याचं नाटक केलं तेव्हा कुठं शांत झाले. सकाळी पंप काढला. आता ते मेथाडोनवर आहेत आणि आठ-नऊ आण्यांवर टिकून आहेत. "त्या रातीचा हिशोब अजून लागला नाही," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. अशा रात्रीची कुठल्याही तक्त्यात नोंद होत नाही, ती माणूस जन्मभर लक्षात ठेवतो. केटामाइनचं कौतुक करणाऱ्यांनी त्यांना भेटून यावं.

इकडं दिवेलागणीला बाई डोळे उघडतात. बुबुळं जरा तरंगताहेत.

"किती आणे, ताई?"

बराच वेळ उत्तर नाही. "दुखतंय. पर ते... पलीकडं दुखतंय."

"कमी?"

"बारा म्हना."

दुसऱ्या दिवशी बारावरच. डॉक्टरबाई ठरल्याप्रमाणं मात्रा वाढवतात, शंभराचे तीनशे. त्या रात्री बाई दोन वाजता लेकीला हलवून उठवतात. पायथ्याशी सासूबाई उभ्या आहेत. लेकीला बेल दाबायची सूचना आठवते. सिस्टर येतात, दिवा लावतात, हॅलोपेरिडॉल देतात, बीपी मोजतात, ते चढलेलं आहे. फोनवर डॉक्टरबाईंशी बोलून मात्रा दोनशेवर आणतात.

सकाळी बाई स्वतःहून सांगतात, "आत्याबाई आल्त्या. काय बोलल्या न्हाईत. जित्या व्हत्या तवर कंदी गप बसल्या न्हाईत, आन् राती नुसत्या हुब्या!" नवऱ्यासकट सगळे हसतात. आईची ही निंदा त्यानं मनावर घेतलेली दिसत नाही.

हसण्यात एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते, सिस्टरांच्या मात्र सुटत नाही. बाई कुशीवर वळल्या आहेत. डाव्या.

"किती आणे?"

"पाच... सा." हात उडणं थांबलंय. मॉर्फिन तीसवर येतं, मग पंचवीसवर. खोकं खाटेखाली जातं, पंखा सुरू होतो.

चौथ्या दिवशी डॉक्टरबाई विचारतात, आता काय करावंसं वाटतं? असा प्रश्न इथं आवर्जून विचारतात. बाईंचं उत्तर तयार आहे. डोक्यावरनं अंघोळ. दीड महिना केसांना पाणी लागलेलं नाही, कारण बसवत नव्हतं आणि कुणी हात लावला की किंकाळी फुटायची. मावशी प्लॅस्टिकची खुर्ची न्हाणीघरात नेऊन ठेवतात, लेक शिकेकाई गरम पाण्यात कालवते. पंप हातात धरून एक सिस्टर दारात उभ्या. पहिला तांब्या पायावर पडताना सगळ्यांचा श्वास अडकतो. बाई म्हणतात, "कढत आन की गं, हे काय पानी हाय का!"

पाचव्या दिवशी पंप निघतो. आकडा सहा आण्यांवरच राहतो, पुढचे दोन दिवसही. मुलाला हेच औषध घरी न्यायचंय. तो पुन्हा पुन्हा विचारतो, डॉक्टरबाई पुन्हा पुन्हा नाही म्हणतात. बघायला शिकलेलं माणूस शेजारी नसताना केटामाइन देणं त्यांना मान्य नाही. आराम किती टिकेल? काहींना चार-सहा दिवस, काहींना काही आठवडे. आजार तिथंच आहे, तो वाढणार आहे, हेही त्या नवऱ्याला बाजूला घेऊन परत एकदा सांगतात. तो मान हलवतो. केळीला पाणी द्यायचं राहिलंय, आज निघालो तर रात्रीची पाळी सापडंल, म्हणतो.

भिगवणमार्गे साडेतीन-चार तासांचा रस्ता आहे. सोबत पंधरा दिवसांच्या मॉर्फिनच्या गोळ्या, पोट साफ राहायचं औषध, आणि एक पिवळं कार्ड. डॉक्टरबाईंनी त्यावर मराठीत, सुट्या अक्षरांत लिहिलंय: मॉर्फिन पंचवीस मिलिग्रॅम, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. मधेच कळ आली तर एक जादा डोस. दुखणं सलग दोन दिवस आठ आण्यांच्या वर गेलं तर फोन करा, वाट बघू नका. केटामाइनचा उपयोग झाला. दोनशेच्या वर भास होतात. गरज पडल्यास पुन्हा देता येईल, पाच दिवसांपेक्षा जास्त नको. गावाकडच्या कुठल्याही डॉक्टरनं वाचलं तरी समजेल असं हे कार्ड आहे. तुमच्या घरी कुणी असं तळमळत असेल आणि 'आता काही करण्यासारखं नाही' असं सांगून कुणी तुम्हाला परत पाठवत असेल, तर पॅलिएटिव्ह डॉक्टर गाठा आणि असं कार्ड लिहून मागा.